डी अँड डीच्या लढाईसाठी घरचे नियम कसे ठरवावेत

मेंढीकोट खेळायला नव्या घरी बसलं की आधी विचारावं लागतं, 'तुमच्याकडे हुकूम कसा ठरवतात?' डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या कल्पित पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाचंही तसंच आहे. पाचव्या आवृत्तीचं पुस्तक सगळ्यांचं एकच, पण लढाई प्रत्येक टेबलावर थोडी वेगळी.

सुरुवातीला दोन-तीन सेशन्स पुस्तकातल्या नियमांनीच खेळा आणि कुठे अडतं ते वहीत लिहून ठेवा. २०१४ च्या नियमांत हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) प्यायला अख्खी ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, जाते. परत मिळतात सरासरी ७ हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय ते मोजणारे गुण), आणि तेवढ्यासाठी वार करायची संधी हुकते. साहजिकच बाटल्या झोळीतच राहतात. म्हणून कित्येक टेबलांनी पोशन बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) प्यायची मुभा दिली. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तोच नियम अधिकृत झाला. मला घरचा नियम असाच आवडतो: नेमकी एक अडचण आणि तिच्यापुरती दुरुस्ती.

नवा नियम सुचला की तो शत्रूच्या हातात देऊन बघा. क्रिटिकलला (फाशावर २० पडून बसलेल्या जबर वाराला) नुकसानाचा एक फासा पूर्ण, म्हणजे कमाल आकड्याचा, धरायचा आणि दुसरा टाकायचा, हा नियम खेळाडूंना फार आवडतो. आता ८ हिट पॉइंटच्या विझर्डवर (जादूगारावर) गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा क्रिटिकल बसला असं समजा. त्याच्या तलवारीचं नुकसान सहा बाजूंचा एक फासा अधिक २. पुस्तकाप्रमाणे दोन फासे टाकले, तर विझर्ड उभा राहण्याची शक्यता ३६ पैकी १० वेळा. घरच्या नियमाने कमीत कमी ९ नुकसान, म्हणजे तो दर वेळी कोसळणार. पहिल्या लेव्हलला हा नियम लावू नका.

वार करताना वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की तलवार हातातून निसटते, हा फम्बलचा नियम तर मी सरळ नाकारते. अकराव्या लेव्हलचा फायटर (योद्धा) एका पाळीत तीन वार करतो, त्यामुळे निदान एक १ पडण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या वर जाते. जो सर्वांत तरबेज, त्याचीच तलवार सर्वांत जास्त वेळा पडते! इतकी मेहनत करून घडवलेल्या पात्रावर हा अन्याय आहे.

शत्रूला दोन बाजूंनी घेरण्याचा फ्लँकिंगचा नियम २०१४ च्या पुस्तकात ऐच्छिक होता. त्यात ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा धरायचा. वार बसायला ११ किंवा जास्त लागत असतील तर ५० टक्क्यांची शक्यता थेट ७५ होते. मग ॲडव्हान्टेज मिळवायच्या बाकी युक्त्यांना कुणी विचारत नाही. त्याऐवजी नुसते +२ द्या. शक्यता ६० टक्के होते आणि घेरण्यात अर्थही राहतो.

वेळेचा नियम मात्र हवाच. पाळी आली की मिनिटभरात काय करणार ते सांगायचं, नाही सुचलं तर पात्र डॉज करतं, म्हणजे नुसता बचाव करतं. त्याच वेळी डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पुढच्या खेळाडूला 'तयार राहा' म्हणायचं. एवढ्यानेच लढाईला वेग येतो.

आता डावपेच. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे प्रत्येकाने आपापला शत्रू वाटून घेणं. समोर ७ हिट पॉइंटचे चार गॉब्लिन आहेत आणि तुम्ही चौघं प्रत्येकी ५ नुकसान करता. वाटून मारलं तर चौघेही उभे, आणि उलट चार वार तुमच्यावर. दोघा-दोघांनी एकेक गाठला तर दोन मेले, दोनच वार येणार. १ हिट पॉइंट उरलेला गॉब्लिनसुद्धा पूर्ण ताकदीने मारतो, हे कायम लक्षात असू द्या. म्हणून पहिल्या राउंडआधी (सगळ्यांच्या पहिल्या पाळीआधी) ठरवा: आधी कोण पडणार?

डीएमनेही आपल्या गॉब्लिनांना मरेपर्यंत लढवू नये. बोनस ॲक्शनमध्ये लपणं किंवा निसटणं त्यांना जमतं, ते वापरा. निम्मे पडले की उरलेल्यांना पळू द्या. त्यांचा माग काढायचा की जखमी साथीदाराकडे वळायचं, हे खेळाडूंना ठरवू द्या.