हँडीकॅमच्या जुन्या कॅसेटी नेटवर टाकताय? या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून हमखास एक पिशवी खाली येते. साड्यांच्या दुकानाची, घट्ट गाठ मारलेली, आत आठ-दहा कॅसेटी. मिनी-डीव्ही, हाय-८, एखादी व्हीएचएस. मग ती पिशवी माझ्याकडे येते. गेली बरीच वर्षं नातेवाईक, शेजारी, त्यांचे ओळखीचे असं करत करत मी या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो आहे. पिशवीसोबत येणारं वाक्यही आता पाठ झालंय : "ग्रुपवर पाठवायचंय, जरा लहान फाइल करून दे."

फाइल लहान करणं हे शेवटचं काम. लोक ते पहिलं करून मोकळे होतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

आधी कॅसेटबद्दल. मिनी-डीव्हीच्या पाठीवर एक छोटी सरकपट्टी असते. ती 'सेव्ह'कडे सरकवल्याशिवाय कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. मुलांच्या हातात कॅमेरा गेला आणि लाल बटण दाबलं गेलं, की मुंजीच्या मधोमध अर्धा मिनिट जमीन दिसते. हे मी तीन घरांत पाहिलंय. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे न्यायची, मग पूर्ण मागे आणायची, आणि त्यानंतरच प्ले करायची. माझा हा नेम आहे. चिकटलेली टेप मोकळी होते.

खिडकीतून पाहिल्यावर टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर थांबा. ती बुरशी आहे. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घातली की हेड (टेप वाचणारा भाग) घाण होतो आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही त्याच हेडवरून जातात. कोकणातल्या घरांतून आलेल्या कॅसेटी मी उजेडात धरून पाहिल्याशिवाय हातच लावत नाही.

दुसरी चूक म्हणजे पिवळी-लाल-पांढरी वायर. मिनी-डीव्ही कॅसेटवर चित्र आधीच डिजिटल असतं. फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डिजिटल वायरीने) घेतलं तर टेपवर जे आहे ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर येतं. तेच तीन रंगांच्या वायरीतून स्वस्तातल्या यूएसबी कांडीत घातलं, की डिजिटलचं अॅनालॉग होतं, अॅनालॉगचं पुन्हा डिजिटल होतं आणि वर ती कांडी ते दाबते, म्हणजे जागा वाचवायला तपशील टाकून देते. हाय-८ किंवा व्हीएचएसचं चित्र मुळातच अॅनालॉग, तिथे सहसा ती वायर लावावी लागते. मिनी-डीव्हीला मात्र फायरवायरवाला जुना लॅपटॉप शोधायची तसदी घ्या. तेवढा धीर नसेल तर पिशवी पुन्हा गाठ मारून ठेवलेली बरी. वाईट कॉपी झाली की "झालं की आपलं काम" म्हणून लोक मूळ कॅसेट टाकून देतात.

आता ज्या चुकीने माझं स्वतःचं नुकसान झालं ती सांगतो.

श्रावण २००४. वहिनीची पहिली मंगळागौर. काकांनी नवा कॅमेरा घेतला होता आणि सगळी रात्र त्यांनीच शूट केली. झिम्मा झाला, गाठोडं झालं, आणि पहाटे कधीतरी आजी पदर खोचून फुगडीला उभी राहिली. वय ७६. समोर वहिनी. अकरा-बारा गिरक्या झाल्या असतील, आणि शेवटी आजी हसत हसत खाली बसली. हे सगळं टेपवर आहे. म्हणजे होतं.

२००८ साली मी ती कॅसेट फायरवायरने उतरवून घेतली. डीव्हीचा, म्हणजे मिनी-डीव्हीवरच्या चित्राचा, एक तास साधारण १३ जीबी खातो. माझी हार्ड डिस्क ८० जीबीची, तीही भरत आलेली. मला घाई होती. चित्र ६४०×४८० केलं, बिटरेट (सेकंदाला किती माहिती ठेवायची तो आकडा) खाली आणला, यूट्यूबवर चढवलं. सगळ्यांनी पाहिलं, वाहवा झाली. मग मी १३ जीबीची फाइल पुसली आणि कॅसेट काकांना परत दिली. ती गावच्या घरी, कोठीच्या खोलीत गेली.

त्या वेळी मला इंटरलेसिंग म्हणजे काय ते नीट कळत नव्हतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं बनतं. एका अर्ध्यात एकाआड एक ओळी, आणि उरलेल्या ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने नंतर टिपलेल्या. जुन्या डब्यासारख्या टीव्हीवर ते सुरेख दिसायचं. कॉम्प्युटर दोन्ही अर्धी एकदमच दाखवतो. स्थिर भिंत ठीक दिसते, पण हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात उगवतात. इथवरही काही बिघडलेलं नसतं, कारण दोन अर्धी अजून वेगळी करता येतात. मी ती वेगळी न करताच ५७६ ओळींच्या ४८० ओळी केल्या. दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या. डाळ-तांदूळ मिसळले तर निवडता येतात, त्यांची खिचडी शिजल्यावर नाही.

२०१७ साली आजी गेली. घरी सगळे जमले होते. काकू म्हणाली, "अरे, तेवढा आजीच्या फुगडीचा तुकडा मोठ्या टीव्हीवर लाव ना." मी लावला. नऊवारीचा हिरवा काठ म्हणजे नुसती करवत झालेली, चेहऱ्यावरून आडव्या रेघा सरकतायत, आजीचं हसू ओळखू येत नाही. कोणी काही बोललं नाही. काकूने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावायला सांगितलं.

मग कॅसेट शोधली. तेरा पावसाळे काढलेली, आत बुरशी. जाणकाराकडून टेप साफ करून घेतली, तेव्हा तासातली ३८ मिनिटं मिळाली. फुगडी आहे, पण मधे मधे चौकोन उडतात आणि आवाज तुटतो.

म्हणून माझा नियम आता एकच आहे : उतरवलेली मूळ फाइल पुसायची नाही. तासाला १३ जीबी लागू देत. दहा कॅसेटी म्हणजे १३० जीबी. आजच्या एका टीबीच्या डिस्कच्या कोपऱ्यात मावतात. दोन डिस्कवर दोन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या घरी. "एवढी जागा कशाला अडवायची" असं विचारणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याची प्रत मी माझ्याकडे ठेवतो.

पाठवायची प्रत काढताना डीइंटरलेस (दोन अर्धी वेगळी करणं) आधी आणि आकार बदलणं नंतर, हा क्रम मोडायचा नाही. मी हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे आणि पुरेसं आहे. त्यात डीइंटरलेससाठी यॅडिफ नावाची पद्धत निवडतो, प्रीसेट बॉब, आणि फ्रेमरेट (सेकंदाला चित्रं) ५० देतो. बॉबमध्ये प्रत्येक अर्ध्याचं स्वतंत्र पूर्ण चित्र होतं, त्यामुळे हालचाल टीव्हीवर दिसायची तशी सुळसुळीत राहते. डीव्हीत खालची फील्ड (चित्राचं खालच्या ओळींचं अर्धं) आधी येते. कुठल्या सॉफ्टवेअरने विचारलं आणि तुम्ही उलट सांगितलंत, तर माणसं पुढे-मागे धक्के खात चालतात. तेवढ्यावरून चूक ओळखता येते.

दुसरी मोठी तक्रार असते ती अक्षतांची. "सगळी फिल्म छान आहे, पण नेमकं 'शुभमंगल सावधान' झालं की चित्राचे चौकोन चौकोन होतात." यात कॅसेटचा दोष नसतो. दाबणारं सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र नव्याने लिहीत नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहितं. मंगलाष्टकं चालू असताना बदलतं काय? अंतरपाट जरा हलतो, भटजींचे ओठ हलतात. पण अक्षता पडल्या की पडद्यावर शेकडो पिवळे दाणे एकदम उडतात आणि सगळं चित्र नव्याने लिहायची वेळ येते. तुम्ही ठरावीक बिटरेट बांधून दिलेला असेल तर त्या दोन सेकंदांना तो पुरत नाही. नवरा-नवरी एकमेकांना हार घालतात तेव्हा हार दिसतच नाहीत.

उपाय साधा आहे. बिटरेट बांधायचा नाही, दर्जा बांधायचा. हँडब्रेकमध्ये दर्जा ठरवणारा आरएफ नावाचा आकडा आहे. जुन्या कॅसेटीसाठी मी एच.२६४ ही दाबायची पद्धत घेऊन तो २० ठेवतो. मग अक्षतांना लागेल तेवढी जागा मिळते आणि जेवणाच्या पंगतीत ती वाचते. फाइल केवढी होईल ते आधी सांगता येत नाही, एवढीच अडचण.

इथेच शूटिंगचा संबंध येतो, आणि हे कॅमेरा हातात घेणाऱ्यांना कोणी सांगत नाही. हात हलला की सगळं चित्र हललं, म्हणजे सगळंच पुन्हा लिहायचं. अंधाऱ्या हॉलमध्ये कॅमेरा उजेड वाढवायला जातो आणि चित्रात रवाळ दाणे येतात. ते दर चित्रात जागा बदलतात, तेही लिहावे लागतात. म्हणून ट्रायपॉडवर, उजेडात घेतलेला तास कमी जागेत सुरेख मावतो, आणि हातात धरून झूम आत-बाहेर करत घेतलेला तास कितीही जागा द्या, घाणच दिसतो. अजून कॅमकॉर्डरवर शूट करत असाल तर झूमवरचं बोट काढा. चार पावलं पुढे जा. एक शॉट दहा सेकंद धरून ठेवा. नवशिक्यांना दहा सेकंद युगासारखी वाटतात, आणि वीस वर्षांनी तीच कमी पडतात.

व्हॉट्सअॅपबद्दल थोडक्यात. तिथे व्हिडिओ म्हणून पाठवलात की अॅप तो पुन्हा दाबतं. तो कोणीतरी उतरवून घेतं, कापतं, पुन्हा पाठवतं, पुन्हा दाबला जातो. एका तासाची मुंज १६ एमबीत बसवून द्या असा आग्रह मला खूपदा झालाय. हिशेब केला तर सेकंदाला साधारण ३५ किलोबिट वाट्याला येतात. डीव्हीत चित्रालाच सेकंदाला २५,००० किलोबिट असतात. एवढ्यात काय दिसणार? तीन-चार मिनिटांचे तुकडे करा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जातं आणि अॅप त्याला हात लावत नाही.

यूट्यूबवर टाकणार असाल तर चित्र ९६०×७२० किंवा १४४०×१०८० करून टाका. त्याने तपशील वाढत नाही, पण ७२० ओळींच्या खाली यूट्यूब ५० फ्रेम दाखवतच नाही. खातं पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांच्या वर चढत नाही. बॅकग्राउंडला सिनेमाची गाणी असतील तर हक्काचा दावा येतो, घाबरून जाऊ नका. लिंक 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे ती ज्याच्याकडे असेल त्यालाच व्हिडिओ दिसतो. आणि बाळाच्या अंघोळीचा व्हिडिओ घरातच ठेवा, तो नेटवर टाकायचा नाही.

सगळे पाहुणे आडवे फुगलेले दिसतायत? ४:३ चित्र रुंद पडद्यावर ताणलंय. साधं चित्र ७६८×५७६ ठेवा, रुंद मोडमध्ये घेतलेलं १०२४×५७६.

अजून शूट करत असाल आणि आवाज १२ बिटवर असेल तर कॅमेऱ्याच्या मेन्यूत जाऊन १६ करा. एलपी (टेप हळू चालवणाऱ्या) मोडमध्ये ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं मावतात, पण ती कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात चालेलच असं नाही. तीस मिनिटं वाचवायला गेलेल्या माणसाला मग तोच बंद पडलेला कॅमेरा दुरुस्त करत बसावं लागतं.

ज्यांच्या घरी अमेरिकेतल्या भावाने कॅमेरा आणला होता त्यांच्यासाठी : तो एनटीएससीचा, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीचा. इथल्या पाल कॅमेऱ्यात त्या कॅसेटी सहसा लागत नाहीत, म्हणून तो कॅमेरा भंगारात देऊ नका. त्यावर ट्यूबलाइटखाली घेतलेलं चित्र लपलपतं, कारण तो सेकंदाच्या साठाव्या भागाच्या हिशेबाने टिपतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची. शूट करताना शटर १/१०० ठेवलं असतं तर लपलपलं नसतं.

आणि फाइलला नाव द्या. 'लग्न-२ फायनल नवीन' कोणाचं लग्न? मी वर्ष, गाव, कार्यक्रम लिहितो, आणि फाइल द्यायच्या आधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी बसून ती एकदा पूर्ण पाहतो. "ही डाव्या हाताची कोण, मामी?" असं विचारत वहीत मिनिटं टिपून घेतो. गेल्या दिवाळीत एका घरी मामी बावीसाव्या मिनिटाला थांबवून म्हणाल्या, "मागे घे. ते दारात उभे आहेत ना, ते माझे वडील." घरात त्यांचा हलता-बोलता दुसरा तुकडा नव्हता. वहीत लिहिलं, तेवढे नऊ सेकंद न दाबता वेगळे काढले आणि त्यांच्या नातवाच्या हातात पेन ड्राइव्ह दिला.