कौटुंबिक आणि स्थलांतर कायद्याचे प्राध्यापक व्हायचे असेल तर

आधी पात्रता. एलएल.एम.ला (कायद्याची पदव्युत्तर पदवी) किमान ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ५०. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झालात तरी टक्के कमी पडले, तर अर्ज छाननीतच बाद होतो. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा (सेट, स्लेट) ही किमान अर्हता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेट देशभर चालते.

नेटला दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. कौटुंबिक कायदा अभ्यासक्रमाच्या सातव्या घटकात येतो, तर स्थलांतरित आणि निर्वासित तिसऱ्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या घटकात. परकीय न्यायालयांच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यांना भारतात मान्यता कधी मिळते, हा मुद्दा मात्र सातव्यात आहे. दोन्ही विषयांचा सांधा तिथेच आहे, आणि कारकीर्द त्यावरच उभी करावी असे आमचे ठाम मत आहे.

हा सांधा वर्गात शिकवायला १९९१ चा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्या. लग्न तिरुपतीला १९७५ मध्ये हिंदू पद्धतीने झालेले. पतीने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात ९० दिवसांच्या वास्तव्याच्या आधारावर घटस्फोट मिळवला, कारण दिले विवाह पुरता मोडल्याचे. हिंदू विवाह कायद्यात हे कारणच नाही, आणि पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला नव्हता. म्हणून हुकूमनामा इथे टिकला नाही. आधी विद्यार्थ्यांना परकीय निकाल इथे कधी बंधनकारक नसतो हे सांगणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ वाचायला लावा, त्यातले सहा अपवाद एकेक करून या वस्तुस्थितीवर तपासायला सांगा, निकाल शेवटी दाखवा. उलट क्रमाने गेलात की मुले निष्कर्ष पाठ करतात, कलम वाचतच नाहीत. पुढचा प्रश्न व्हिसाचा: पत्नी एच-४ वर, म्हणजे पतीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, अमेरिकेत असेल, तर तिथला घटस्फोट होताच तिच्या वास्तव्याचा आधार जातो, इथे मात्र ती कायद्याने विवाहितच राहते.

पीएच.डी.साठी ‘भारतातील स्थलांतर कायदा’ असा ऐसपैस विषय घेऊ नका. दहा कायदे चाळून होतात, खोल एकही जात नाही. ‘अवलंबित व्हिसावरील पत्नीविरुद्धचे परदेशी एकतर्फी हुकूमनामे’ एवढा पुरे. कौटुंबिक न्यायालयात बसून माहिती गोळा करायचा बेत असेल तर जपून: १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११ नुसार एका पक्षकाराने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. मुख्य भिस्त प्रसिद्ध निकालांवर ठेवा.

टिपणे जुनी राहू देऊ नका. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे. १९५५ चा नागरिकत्व कायदा वेगळाच आहे, त्यांची गल्लत अनेक वर्गांत होते.

वकिली सुरू ठेवून शिकवायचे असेल तर शिकवण्याला दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. पूर्णवेळ नोकरी धरलीत की वकिलीची सनद स्थगित करण्याचा अर्ज बार कौन्सिलकडे लगेच द्या.