टेस्टोस्टेरॉन कमी आलंय आणि अंडकोषाची इलास्टोग्राफी सांगितलीये? जाण्याआधी एवढं बघून घ्या

इलास्टोग्राफी म्हणजे अंडकोष किती कडक आहे ते मोजणारी सोनोग्राफी. पहिलं म्हणजे रक्ताचे रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, कारण टेस्टोस्टेरॉन कमी आहे का ते रक्तच सांगतं, सोनोग्राफी नाही. तेही सकाळी दहाच्या आत, शक्यतो उपाशीपोटी आणि दोन वेगळ्या दिवशी दिलेलं हवं, दुपारी लेव्हल उतरते ना, तरुण पोरांची तर जास्तच. ताप-बिप असताना दिलेलं धरू नका. केसांसाठी बायोटिन खात असाल तर सांगा, काही लॅबमध्ये त्याने आकडा चुकतो. एलएच, एफएसएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे, अंडकोषाला कामाला लावणारे हॉर्मोन) झालंय का तेही बघा, खरी मेख तिथेच आहे. हे दोन्ही वाढलेले असतील तर बिघाड अंडकोषातच, कमी किंवा नुसतेच नॉर्मल असतील तर पिट्युटरीकडे बघावं लागतं, मग अंडकोष कितीही मोजा, बिघाडाचं कारण तिथे सापडायचं नाही.

मग जुनी हिस्ट्री एका कागदावर लिहून न्या. गालगुंडात अंडकोष सुजले होते का, लहानपणी अंडकोष खाली उतरला नव्हता म्हणून ऑपरेशन झालं का, पीळ पडला होता का, केमो, हर्नियाचं ऑपरेशन, सगळं. आणि जिममध्ये कोणी इंजेक्शन टोचलं असेल तर तेही प्लीज सांगा हो, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की एलएच दबतं, अंडकोष लहान होतात आणि अख्ख्या रिपोर्टचा अर्थच बदलतो. घरच्यांसमोर सांगायला लाज वाटत असेल तर एकटे जा.

तपासणीला उपाशी राहायचं नाही, लघवी धरून ठेवायची नाही, केसही काढायला नकोत. जेल कोमट करून लावा म्हणावं, थंड लागलं की अंडकोष वर ओढले जातात. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, हलक्या हाताने ठेवावा लागतो, दाबला की टिश्यू आहे त्यापेक्षा कडक दिसतो, त्यामुळे हलू नका आणि दुखलं तर लगेच बोला. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगल्यात का, ते बघायला उभं करून जोर लावायला सांगतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रिपोर्ट हातात आला की दोन्ही बाजूंच्या कडकपणाचे आकडे आणि साइज, म्हणजे मिलिलिटरमध्ये व्हॉल्यूम, लिहिलंय का बघा. कडकपणा कोणी किलोपास्कलमध्ये देतं, कोणी मीटर पर सेकंदमध्ये (टिश्यूतून लहर किती वेगाने जाते ते), आणि १ मीटर पर सेकंद म्हणजे साधारण ३ किलोपास्कल पण २ म्हणजे १२, तेव्हा मित्राच्या रिपोर्टशी तुलना करून उगाच झोप उडवू नका. सगळ्या मशीनना चालेल असा ठरलेला कटऑफ अजून नाहीये. अंडकोष लहान, टणक आणि एफएसएच वाढलेलं असं एकत्र असेल तर क्लाइनफेल्टरचा (जन्मतःच एक X क्रोमोसोम जास्त असणं) विचार होतो, पण तो पक्का करायला रक्तातून क्रोमोसोम तपासणारी कॅरिओटाइप टेस्ट लागते, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरू करायच्या आधी सांगा, त्याने स्पर्म बनणं थांबू शकतं. आणि पुन्हा तपासायचं झालं तर शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन.