खाणीच्या भरावावर टिकणारा चर कसा काढावा

शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या सड्यांवर (जांभ्याच्या पठारांवर) बॉक्साईट काढून झालं की खड्डा भरतात, वर माती पसरतात, रोपं लावतात. पहिल्या दोन पावसाळ्यांत हे काम वाया जातं ते बहुधा पाण्याची वाट न आखल्यामुळे. वरचं जांभ्याचं कडक कवच गेलेलं असतं आणि उरलेला भराव सैल असतो. कोळसा खाणींच्या भरावालाही हेच नियम लागू पडतात.

आखणी खालून वर करा. भराव संपून मूळ जमिनीतला ओढा जिथे लागतो, तिथला तळ लेव्हलने (पातळी मोजण्याच्या यंत्राने) मोजा. चराचा तळ तिथे ओढ्याच्या तळाला अचूक मिळाला पाहिजे. अर्धा मीटर जरी वर राहिला, तरी तोंडाशी पाणी उडी घेतं आणि तिथून ओघळ मागे खात वर चढते.

उताराचा आकार अंतर्वक्र ठेवा: वर पाणी थोडं असतं तिथे तीव्र, खाली पाणी साठत जातं तिथे सौम्य. ढिगाऱ्यांवर सहसा उलटं दिसतं, माथा सपाट आणि कडेला एकदम कोसळता उतार. नेमका तिथेच चर फाटतो.

आता पाण्याचा हिशेब. पाणलोट हेक्टरमध्ये, पावसाचा जोर ताशी मिलिमीटरमध्ये आणि वाहून जाणारा हिस्सा यांचा गुणाकार करून 360 ने भागा. 6 हेक्टर, ताशी 100 मिमी आणि 0.6 धरले तर सेकंदाला 1 घनमीटर येतो. पावसाचा जोर जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून घ्या. गगनबावड्याचा पाऊस आणि कोल्हापूर शहराचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, शहराचे आकडे घाटमाथ्यावर वापरू नका.

या 1 घनमीटरसाठी 2 टक्के उतारावर तळ 1 मीटर आणि बाजू 3 ला 1 (3 आडवं, 1 उभं) ठेवल्या, तर गवत असलेल्या चरात पाणी साधारण 34 सेंमी खोल आणि सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेगाने धावतं. वर 30 सेंमी मोकळी उंची सोडा, म्हणजे माथ्याची रुंदी 5 मीटरच्या जवळ जाते. जागा जाते म्हणून हा चर अरुंद, खोल करायचा मोह होतो. तो टाळा, कारण खोली वाढली की तळावरचा ताण वाढतो.

दीड मीटरचा वेग रुजलेलं दाट गवतच सोसतं. उघडी माती 0.6 ते 0.9 मीटरलाच सुटायला लागते. म्हणून पहिल्या वर्षी काथ्याची जाळी अंथरायलाच हवी. ती तळाला चिकटून बसवा, खुंट्या मारा, वरची कड 20 सेंमी खोल चरीत पुरा. जाळीखाली पोकळी राहिली तर पाणी खालून माती नेतं आणि वरून सगळं ठीक दिसतं. हरळी चरात, वाळा काठाला लावा.

4-5 टक्क्यांच्या वर गवतावर भिस्त नको, दगडी अस्तर करा. 8 टक्के उतार आणि 2 मीटर तळ असेल तर सरासरी 25 सेंमीचा टोकदार काळा दगड, थर 50 सेंमी. जांभा हलका आणि सच्छिद्र असतो, तो इथे चालत नाही. सगळे दगड एका मापाचे नकोत, लहान-मोठे मिसळा. खाली खडीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) हवंच, नाहीतर फटींतून माती निघून जाते आणि दगड खचतात.

मधल्या उतारावर दगडी बांध घालायचे तर वरच्या बांधाचा पाया आणि खालच्याचा माथा एका पातळीत हवा. 4 टक्क्यांवर 50 सेंमी उंचीचे बांध साडेबारा मीटरवर येतात. बांधाचा मध्य कडांपेक्षा 20 सेंमी खाली ठेवा आणि टोकं काठात अर्धा मीटर घुसवा; सपाट माथ्याच्या बांधाला पाणी बगल देऊन काठ कापतं.

समतल चर भरावावर शक्यतो नकोतच. भराव सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे मध्ये कुठेतरी खोलगट पडतो, पाणी तुंबतं आणि सगळ्यात नीच जागेवरून फुटून ओघळ पाडतं. माथ्यावरचं पाणी सरळ मुख्य चरात आणा.

माती आणि दगडाचं काम मेअखेर संपवा. पहिल्या जोरदार सरीनंतर भराव आणि मूळ जमीन यांचा सांधा, दगडी अस्तराचा खालचा शेवट आणि ओढ्याचं तोंड आधी पाहा. बोटभर चीर दिसली तर त्याच आठवड्यात खडी आणि दगड भरून बंद करा.