उत्तर एआयचं, सही आपली

सांगलीत आमचं सीएचं ऑफिस आहे, माणसं सहा. जीएसटीच्या नोटिशींना उत्तरं पोरं चॅटजीपीटीकडून लिहून घेतात हे कळल्यावर मी आधी बंदी घातली. मग ती मोबाईलवर चोरून वापरू लागली. म्हणून पहिलं काम हेच करा: वापर उघड्यावर आणा. मसुद्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'एआय' लिहायचं आणि लिहिलं म्हणून कोणी ओरडायचं नाही.

मग तपासणारा ठरवा. हे मी उशिरा केलं. एका आर्टिकलनं (सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणाऱ्या पोरानं) आणलेला मसुदा इतका सफाईदार होता की मी सहीसाठी पेन उघडलं होतं. नोटीस २०२२-२३ ची. ३बीमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यानं भरलेल्या रिटर्नमध्ये, घेतलेलं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) २बीपेक्षा, म्हणजे विक्रेत्यांच्या रिटर्नवरून पोर्टल काढतं त्या यादीपेक्षा, जास्त. उत्तरात ठणकावून लिहिलेलं, नियम ३६(४) प्रमाणे ५ टक्के जादा क्रेडिट चालतं. ती सवलत १ जानेवारी २०२२ लाच संपली! पकडलं कोणी? आमच्या जुन्या काकांनी, ज्यांना कॉपी-पेस्ट अजून धड जमत नाही. तेव्हापासून आर्टिकल मसुदा काढतो आणि काका शेजारी बसून एकेक कलम उघडून बघतात. निवाडा दिला असेल तर तो पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांना नि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड झाला, कारण चॅटजीपीटीनं रचलेले निवाडे त्यांनी कोर्टात दिले होते.

नोटीस एआयला देण्याआधी पार्टीचं, म्हणजे अशिलाचं, नाव, पॅन, जीएसटी नंबर खोडा. यावर चर्चा नको.

वाचलेल्या वेळेत लगेच नव्या फायली कोंबू नका. मी कोंबल्या, आणि सगळ्यात आधी तपासणीच गळाली. आता दुपारी तीननंतर नवं काम द्यायचं नाही, फक्त तपासायचं. शिवाय आठवड्याला एक उत्तर प्रत्येक आर्टिकलनं कोऱ्या कागदावरून लिहायचं. कुरकुर होते, होऊ दे. काका मार्चनंतर निवृत्त होताहेत.

फाईलच्या कव्हरवर दोन रकाने छापून घेतलेत: 'काढला' आणि 'तपासला'. दोन्हींत एकच नाव दिसलं की फाईल माझ्या टेबलावरून तशीच परत जाते.