बॅटरी लोडवर बघा : कॉर्डलेस ड्रिलच्या दुरुस्तीत उतरणाऱ्यांसाठी

शनिवार बेळगावच्या बाजाराचा. खेड्यातलं गिऱ्हाईक त्याच दिवशी येतं, एका पिशवीत मेथीची पेंडी आणि ड्रिल दोन्ही. येळ्ळूरचा सुतार म्हणतो, "चार्जिंग टिकंना झालंय ओ." गोकाककडचा म्हणतो, "चार्ज निल्लंगिल्ला री, स्वल्प नोड्री." तक्रार एकच. नवीन शिकणारा पोरगा लगेच मल्टिमीटर लावतो, १२.३ व्होल्ट बघतो आणि सांगून टाकतो, "बॅटरी चांगली आहे, मोटर गेली असणार." पहिलं वर्षभर मीही हेच सांगत होतो.

मी आयटीआय केलं, मग बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, एका वाइंडिंगच्या दुकानात दोन वर्षं मोटारी भरल्या. फाउंड्रीतले फिटर तिथं ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन यायचे. मालकांना त्या प्लास्टिकच्या खेळण्यांत रस नव्हता, म्हणून ती माझ्या बाकावर येऊन पडायची. तसा हा धंदा अंगाला लागला. आता शहापुरात छोटं दुकान आहे आणि दोन-चार महिन्यांनी कोणीतरी पोरगा येऊन विचारतो, "दादा, हे शिकायला भांडवल किती लागेल?"

एक बरा मल्टिमीटर, मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब, दोन जाड वायरी आणि शंभर पानी वही. सेलना जोडपट्टी चिकटवणारं स्पॉट वेल्डिंग मशीन नंतर घ्या. सगळे उलटं करतात, मशीन आधी आणतात आणि मग खराब सेलना सुंदर वेल्डिंग करत बसतात.

तो बल्ब कशाला, ते एका ड्रिलवरून सांगतो. तीन लिथियम सेलचा पॅक, १२ व्होल्टचा म्हणून विकतात तो. मोकळा, म्हणजे काही न जोडता, मोजला तर तिन्ही सेल ४.१-४.१ दाखवत होते. एकूण १२.३. तक्रार काय, तर स्क्रू निम्मा आत गेला की ड्रिल गप्प. बल्ब जोडला, क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजतात तो) ४.२ अँपिअर आले. आता पुन्हा एकेक सेल मोजला. पहिला ३.९२, दुसरा ३.९०. तिसरा मात्र घसरत २.८५ वर. बल्ब काढला की तोच सेल मिनिटाभरात परत चारच्या वर, जणू काही झालंच नाही. मोकळ्यावरचा आकडा आणि लोडवरचा आकडा यांतली वजाबाकी करा आणि अँपिअरनं भागा, सेलचा अंतर्गत रोध मिळतो. पहिल्याचा ०.१८ भागिले ४.२, म्हणजे ४३ मिलिओहमच्या आसपास. वापरलेल्या सेलला चालतंय. तिसऱ्याचा १.२५ भागिले ४.२, जवळजवळ ३००. तो सेल गेला. ड्रिल स्क्रूवर अडली की २० अँपिअरच्या वरही ओढते, तिथं तो एका क्षणात बसतो आणि सेल सांभाळणारी आतली सर्किटची प्लेट, म्हणजे बीएमएस, पॅक बंद करते. मोटरचा यात काडीचा दोष नाही.

वहीत तारीख, पॅक, सेलचा नंबर, मोकळा आकडा, लोडचा आकडा लिहायचं. कंटाळा येतो. तरी लिहायचं.

मल्टिमीटरबद्दल एक सांगून ठेवतो, कारण माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून डाग आहे. करंट मोजायला लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली होती. चहा आला, गप्पा झाल्या, परत येऊन १८ व्होल्टच्या पॅकवर व्होल्टेज बघायला तेच टोक टेकवलं. त्या भोकात मीटर म्हणजे सरळ तारच असते. फट्ट झालं, टोक वितळलं, पॅकची पट्टी लाल झाली. आता करंट मोजून झाला की वायर पहिली जागेवर जाते, चहा मागनं.

सुरुवात ड्रिलवर करू नका, सलूनच्या ट्रिमरवर करा. एकच सेल असतो, बीएमएसची भानगड नाही, आणि न्हाव्याला घाई असली तरी तो रोज भेटतो, त्यामुळे तुम्ही बदललेला सेल किती टिकला हे कळतं. जुन्या ट्रिमरमध्ये १.२ व्होल्टचा निकेलचा सेल, नव्यात ३.७ चा लिथियम. उघडल्याउघडल्या हे ओळखता आलं पाहिजे. निकेलच्या जागी लिथियम बसवला तर सर्किट जळेल, आणि निकेलच्या चार्जरवर लिथियम लावला तर त्याहून वाईट.

निकेल-कॅडमियमची जुनी ड्रिल अजून खानापूर, जांबोटीकडून बरीच येतात. १२ व्होल्टचा पॅक म्हणजे १० सेल, १८ चा म्हणजे १५. पुष्कळांना वाटतं की या पॅकना 'मेमरी' लागते, म्हणजे पूर्ण रिकामा न करता भरला की पॅक तेवढ्यावरच अडतो, म्हणून सुतार लोक ट्रिगरला सुतळी बांधून ड्रिल रात्रभर फिरवत ठेवतात. त्यानंच पॅक मरतो. दहांतला सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे नऊ त्याच्यातून करंट ढकलत राहतात, त्यानं तो उलटा चार्ज होतो. सेलमागे १ व्होल्ट, म्हणजे १२ च्या पॅकला १० व्होल्टवर थांबायचं, त्याखाली न्यायचं नाही.

दुसरा खुनी म्हणजे त्याचा चार्जर. स्वस्त चार्जर उघडून बघा: ट्रान्सफॉर्मर, डायोड, एखादा रोध, एक लाल दिवा. बंद करणारं आत काहीच नाही. ४०० मिलिअँपिअरचा चार्जर, १२०० मिलिअँपिअर-तासाचा पॅक; खोक्यावर तीन ते पाच तास लिहिलेलं असतं आणि सुतार रात्री लावून सकाळी काढतो. दहा तासांत ४००० आत गेले. पॅक भरल्यावरचं जास्तीचं सगळं उष्णता होऊन सेल शिजवतं. मी अशा चार्जरला सॉकेटमध्ये बसणारा चांगला यांत्रिक टायमर जोडून देतो. गिऱ्हाईक हसतं, पण दुसऱ्या वर्षी त्याच पॅकसाठी येत नाही. (धंद्याच्या दृष्टीनं हा मूर्खपणा आहे, असं बायको म्हणते.)

उद्यमबागेत मेलेल्या निकेल सेलला मोटारसायकलच्या बॅटरीनं झटका देणारे वस्ताद आहेत. सेलच्या आत वाढलेला धातूचा काटा त्यानं जळतो, सेल उठतो, आणि महिन्याभरात परत झोपतो. गंमत म्हणून बघायला ठीक. लिथियमच्या जवळ हा खेळ चुकूनही नेऊ नका.

आता ज्यासाठी सगळे येतात ते काम : जुन्या निकेलच्या ड्रिलमध्ये लिथियम बसवणं. १२ व्होल्टच्या ड्रिलला तीन सेल लावले तर भरल्यावर १२.६, चार लावले तर १६.८. चार लावल्यावर ड्रिल अशी पळते की गिऱ्हाईक खूश होतं. पण मोटरचा ब्रश आणि ट्रिगरचा स्विच तापतो, आणि दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक जळका स्विच घेऊन दारात. मी तीनच लावतो आणि सांगतो, जोर थोडा कमी वाटेल. १८ व्होल्टच्या ड्रिलला पाच, भरल्यावर २१.

बीएमएसवर ०, ४.२, ८.४, १२.६ असे आकडे छापलेले असतात. वायरी त्याच क्रमानं, आणि प्रत्येक वायर जोडायच्या आधी त्या जागी तेवढाच व्होल्टेज येतोय का ते मीटरवर बघूनच. घाईत मी एकदा ४.२ आणि ८.४ ची अदलाबदल केली, प्लेट धूर सोडून गेली. बरोबर जोडूनही बाहेर शून्य दिसलं तर घाबरू नका. बऱ्याच प्लेटा एकदा चार्जर टेकवल्याशिवाय जाग्या होत नाहीत. आणि प्लेट निवडताना ड्रिल सुरू होतानाचा झटका धरा; दहा अँपिअरची प्लेट ट्रिगर दाबताच बंद पडेल.

सेल घेताना बाजारात जास्तीत जास्त फसवणूक होते. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. एवढ्या डब्यात ३६०० मिलिअँपिअर-तासाच्या वर मला खरं काही मिळालेलं नाही. ९८०० लिहिलेला दिसला की खाली ठेवा. वजनकाट्यावर टाका, बरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बराच हलका. स्वस्त ड्रिलवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. पॅक उघडला की आत पाच सेल, म्हणजे तेच २१ व्होल्ट.

भंगारातल्या लॅपटॉप बॅटऱ्यांचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. १ अँपिअरवर ३ व्होल्टपर्यंत रिकामे करून वेळ मोजला तर २००० च्या वर दाखवतात, मन हरखतं. पण ते सेल चार-पाच अँपिअरसाठी बनवलेले. ड्रिलमध्ये घातले की तापतात आणि व्होल्टेज कोसळतो. टॉर्चला, रेडिओला वापरा. ड्रिलला जास्त करंट देणारे सेलच लागतात, त्यांच्यावर छापलेली क्षमता कमी असली तरी.

पट्टीही तपासा. शुद्ध निकेलची म्हणून लोखंडावर मुलामा दिलेली देतात. चुंबकाला दोन्ही चिकटतात, त्यामुळे तो उपाय फुकट. पट्टीचं टोक कानसनं खरवडा आणि वाटीत मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तांबूस झालं तर लोखंड. खानापूरच्या पावसात असली पट्टी एका हंगामात गंजते. आणि सेलवर थेट सोल्डर करायचं नाही, आतलं प्लास्टिक भाजतं.

येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याला मी ड्रिलमध्ये तीन सेल घालून १२.६ चा चार्जर दिला होता. आठ दिवसांनी तो परत आला, "चार्जर गरम व्हायलाय आन् दिवा लागंना." हातातला चार्जर माझा नव्हताच. औषध फवारणीच्या पंपाचा होता. त्या पंपात १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते, तिचा चार्जर १४.४ पर्यंत जातो, आणि गोल पिन तीच. १४.४ भागिले ३, सेलमागे ४.८. प्लेटनं ४.२५ च्या पुढे दार बंद केलं म्हणून घर वाचलं, पण प्लेट रोज ते करायला नसते. चूक माझी. पिन बदलायला हवी होती. तेव्हापासून रूपांतर केलेल्या प्रत्येक ड्रिलला मी वेगळ्या आकाराची पिन लावतो आणि चार्जरवर चिठ्ठी, मराठीत आणि कन्नडमध्ये.

काही काम घ्यायचं नसतं. फुगलेला पाउच (चपट्या पिशवीसारखा) सेल, ठेचलेला डबा, किंवा महिनोन्‌महिने २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला लिथियम. आतलं तांबं विरघळलेलं असतं, चार्ज केला तर आत कुठेही शॉर्ट होऊ शकतो. गिऱ्हाईक म्हणतं, "बघा की जरा, चालंल." नाही चालत. दुकानाबाहेर वाळूची बादली आहे, त्यात जातो, टोकांना चिकटपट्टी लावून. कचरागाडीत टाकायचा नाही, २०२२ पासून बॅटरीच्या कचऱ्याचे वेगळे नियम आहेत. कॅडमियम तर विषच.

आणि नवा पॅक झाला की लगेच देऊ नका. पूर्ण भरा, आठ दिवस कपाटात ठेवा, मग प्रत्येक सेल मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली उतरला असेल तर तो बदला. यावर गिऱ्हाईक भांडतं. काल कंग्राळीच्या एका सुताराला हेच सांगितलं, तर तो म्हणाला, "आठ दिवस मी काय हातानं भोकं पाडू व्हय?" त्याला माझं स्वतःचं ड्रिल दिलंय. बिट त्यानं स्वतःचं लावायचं ठरलंय.