जुना छातीचा आजार आणि सारखं होणारं इन्फेक्शन: घरी कसं सांभाळायचं

सीओपीडी (धुरा-बिडीनं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं) असो नाहीतर टीबी बरा होऊन मागं राहिलेलं ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनळ्या कायमच्या फुगून त्यात कफ साचणं), आपल्याकडं सगळ्यालाच दमा म्हणून मोकळे होतात, आणि थंडी पडली की तेच सुरू, कफ वाढला, धाप लागली, गावातल्या डॉक्टरकडं जाऊन इंजेक्शन घेतलं, चार दिवस बरं, परत तेच. माझ्या आईला ब्रॉन्किएक्टॅसिस आहे, तिचं करता करता आणि छातीच्या डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, इन्फेक्शन पहिल्या दोन दिवसांतच ओळखायला शिका, आणि त्यासाठी बऱ्या दिवसांत पेशंटचं कसं असतं ते घरातल्यांना नीट माहीत पाहिजे.

आमच्याकडं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत दोन शब्द लिहितो, कफ किती आणि कसा, धाप किती. सकाळचा बेडका पारदर्शक डबीत घ्यायचा आणि खिडकीपाशी उजेडात बघायचा, बल्बच्या प्रकाशात पांढरा पण पिवळा दिसतो. बऱ्याच जणांचा कफ कायमच थोडा पिवळसर असतो, ते त्यांचं रोजचं, घाबरायचं नाही. पण रोजच्यापेक्षा कफ वाढला, रंग गडद किंवा हिरवा झाला, घट्ट झाला, किंवा अंगणातून घरात येईपर्यंत धाप लागायला लागली, यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरला फोन. ताप येईपर्यंत थांबू नका, म्हाताऱ्या माणसांना लई वेळा ताप येतच नाही.

हे सगळं बरं असतानाच डॉक्टरकडून एका कागदावर लिहून घ्या, कफ बदलला तर कोणतं औषध, किती दिवस, कधी ॲडमिट. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन बघू म्हणायचं नाही, आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्या तर मुळीच नाही, त्यात कधी कधी स्टेरॉइड असतं आणि शुगरवाल्या माणसाची शुगर भलतीकडंच जाते. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये कोर्स साधारण १४ दिवसांचा असतो, सीओपीडीत ५ ते ७, मधेच बरं वाटलं म्हणून सोडू नका. आणि जमेल तेव्हा पहिली गोळी घ्यायच्या आधी थुंकीचं कल्चर (थुंकीतला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) द्या, एकदा औषध सुरू झालं की जंतू नीट सापडत नाहीत. वर्षात तीन-चार वेळा असं होत असेल तर गावात फिरत बसू नका, छातीच्या डॉक्टरला दाखवा, आठवड्यातून तीनदा घ्यायच्या अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसारखं काही द्यायचं का हे तेच तपासण्या करून ठरवतील.

आता पंप, म्हणजे इनहेलर. आपल्याकडं अजून लोक म्हणतात पंपाची सवय लागते, म्हणून शेवटी वापरायचा. असं काही नाही, पंपात औषध थोडं असतं आणि थेट छातीत जातं, गोळीपेक्षा त्रास कमी. पण घ्यायची पद्धत चुकली तर सगळं औषध घशात. साधा पंप असेल तर हलवा, पूर्ण श्वास सोडा, स्पेसर (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी) लावून पंप दाबा आणि हळू खोल श्वास घ्या, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, आणि दुसरा पफ मिनिटभरानं. रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचा पंप) असेल तर उलटं, जोरात आणि खोल ओढायचं, आतली कॅप्सूल फिरल्याचा खरखर आवाज आला पाहिजे, नंतर उघडून बघा पावडर शिल्लक आहे का, असेल तर परत ओढा. ती कॅप्सूल गिळायची नसते, हे मुद्दाम सांगतोय कारण पाण्याबरोबर गिळणारे आजोबा बघितलेत. स्टेरॉइडवाल्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते. लाईट गेल्यावर नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) बंद पडला तरी घाबरायचं काम नाही, साधा पंप स्पेसरमधून घेतला तर बहुतेक वेळा तेवढाच उपयोग होतो.

कफ बाहेर काढणं हे ब्रॉन्किएक्टॅसिसवाल्यांचं अर्धं औषध आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. पंप घेतल्यावर, जेवणाच्या आधी, बसून आरामात दोन-चार साधे श्वास, मग तीन-चार खोल श्वास घेऊन तीन सेकंद धरायचे, मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडतो तसं "हाऽ" करून जोरात सोडायचं. कफ वर येतो, मग खोकून टाकायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर करून घ्या. खोकला दाबणारं सिरप अशा माणसाला देऊ नका, कफ आतच साचतो. हार्ट-किडनीचं पथ्य नसेल तर पाणी भरपूर प्यायला लावा.

धूर आणि धूळ, हे आपल्याकडचं मोठं दुखणं. घरात गॅस आहे पण अंघोळीचं पाणी पऱ्हाट्या-तुराट्यांवरच तापतं, आणि ते तापवणार घरातली आजारी म्हातारीच. ते काम दुसऱ्यानं करा आणि चूल बाहेर काढा. मिसरी भाजतानाचा धूर, बिडी, उदबत्ती, सगळं बंद. सोयाबीन-तुरीच्या मळणीला, ज्वारीच्या काढणीला आजारी माणसानं खळ्यावर जाऊ नये, गेलंच तर एन९५ मास्क लावून, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. उपरणं बांधल्यानं बारीक धूळ अडत नाही.

एक अवघड गोष्ट. टीबी होऊन गेलेल्यांच्या एक्स-रेमध्ये जुना डाग कायम दिसतो आणि नुसता तो बघून परत टीबीची औषधं सुरू केली जातात. थुंकी तपासल्याशिवाय सुरू करू नका, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. मात्र आधी टीबी होऊन गेलेल्यांमध्ये मेलेल्या जंतूंमुळं पण सीबीनॅट (थुंकीतला टीबीचा जंतू मशीनवर शोधायची तपासणी) पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून कल्चरचं पण विचारा. पण वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतोय, थुंकीतून रक्त येतंय तर तपासणी टाळू नका.

फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी. न्यूमोनियाची लस दरवर्षी लागत नाही, कोणती घ्यायची ते डॉक्टरला विचारा.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) घ्या, बोटावर मेंदी-नेलपॉलिश नको, हात गार असतील तर चोळून मग लावा. पेशंटचा बऱ्या दिवसांतला आकडा कागदावर लिहून ठेवा, सीओपीडीत काहींचा तो ९० च्या आसपासच असतो. बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत जातोय किंवा भलतंच बोलतोय, थुंकीतून बरंच रक्त आलं, तर पंप देत देत १०८ लावा. संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल, नाहीतर अंबाजोगाई, लातूर, नांदेडचं मोठं सरकारी हॉस्पिटल, जे जवळ पडेल तिकडं न्या. फाईल, चालू औषधांच्या पट्ट्या आणि जुना एक्स-रे सोबत घ्या. आणि सीओपीडी असेल तर ते तिथं पहिल्यांदा सांगा, कारण अशा पेशंटला ऑक्सिजन मोजून द्यायचा असतो, ऑक्सिमीटरवरचा आकडा ८८ ते ९२ एवढाच ठेवायचा, जास्त दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साचून माणूस आणखी गुंगीत जातो.